दाराला बांधलेला डहाळा

१९७४ साल. रेल्वेचा संप झाला ते साल. त्या मे महिन्यात गाड्या जागच्या जागी थांबल्या होत्या, म्हणून मिरजेच्या दवाखान्यातून सुटलेल्या मानसिंगला घेऊन अंजना एसटीनं कराडला आली. सगळ्या वाटेत तिनं एकच काम केलं. कोणी मानसिंगच्या शेजारी बसू लागलं की मांडीवरचं गाठोडं मोकळ्या जागेवर ठेवायचं आणि खिडकीबाहेर बघत राहायचं. एक म्हातारा चिडून म्हणाला, "गाठोड्याचं तिकीट काढलंय काय गं?" तिनं ऐकलंच नाही असं केलं.

मानसिंग तिचा धाकटा दीर, विशीतला. नवरा लालासाहेब पलटणीत, तिकडे पठाणकोटला. सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली. कराडच्या खाली कृष्णेकाठी पाणमळा म्हणून वस्ती होती, तिथं त्यांचं घर आणि ऊस. घरात सासू शालूबाई, अंजना आणि मानसिंग. अंजनाची लहानगी मुलगी तेवढ्यापुरती फलटणला आजोळी ठेवली होती. पोर सारखी शेंबडी, आणि शेंबूड आता घरात चालणार नव्हता.

दुखणं चैत्रात सुरू झालं होतं. मानसिंग भरतीसाठी रोज पहाटे नदीपर्यंत पळायचा. थोरल्या भावासारखं पलटणीत जायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात. मग पळताना धाप लागू लागली. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, मांड्यांवर मार बसल्यासारखे काळे-निळे डाग उठले. कराडच्या डॉक्टरांनी बघितलं आणि मिरजेला धाडलं. लालासाहेब रजा काढून आला. मिरजेच्या डॉक्टरांनी नवरा-बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, रक्ताचा कॅन्सर आहे. औषधं नवी आहेत, गुण येतो, पण किती काळ टिकेल ते सांगता येत नाही.

बाहेर व्हरांड्यात लालासाहेब म्हणाला, "त्याला कळता कामा न्हाई. आईला तर न्हाईच न्हाई." आणि रजा संपल्यावर तो गेला. ते दोन शब्द अंजनापाशी राहिले. घरात सांगितलं होतं ते एवढंच, की रक्त कमी झालंय.

दवाखान्यातून सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी अंजनाला पुन्हा बोलावून घेतलं. "औषधानं त्याच्या रक्तातलं वाईट मेलं, पण त्याबरोबर रोगाशी लढणारं चांगलंही मेलं. ते परत तयार होईपर्यंत साधं पडसंसुद्धा त्याला घेऊन जाईल. वॉर्डात खोकणारी माणसं भरलीत, त्यापेक्षा घरी बरा. पण माणसं लांब ठेवा. पुढच्या इंजेक्शनाला आणाल तेव्हा तो मला धड हवाय. आणि एक. सध्या देवी टोचणारे गावोगाव फिरतायत. ह्याला टोचू द्यायचं नाही. ती लस जिवंत असते, ह्याच्या अंगाला ती सोसायची नाही."

घरी आल्यावर अंजनानं मधल्या खोलीची फरशी शेणानं न सारवता नुसती धुऊन घेतली. चादरी उकळल्या. कराडहून आणलेला थर्मामीटर ती सकाळ-दुपार-संध्याकाळ मानसिंगच्या काखेत लावायची आणि पारा कुठवर चढलाय ते उजेडाकडे धरून बघायची. मधे मधे मन राहायचं नाही, मग चादर सारखी करायच्या निमित्तानं हाताची पालथी बाजू त्याच्या कपाळाला लागून जायची.

"वैनी, तू मला दिवसातनं इतक्यांदा चाचपतीस, तेवढं बाजारात कोंबडीला पण चाचपत न्हाईत," मानसिंग म्हणायचा.

"कोंबडी परवडली भावजी. ती एवढी खात तरी न्हाई."

खरंच त्याला गोळ्यांनी भूक अशी लागायची की ताटावरून उठला की पुन्हा चुलीकडे बघायचा. आणि तोंडात फोड, त्यामुळे तिखटाचा कण लागला तरी डोळ्यांत पाणी. ती मऊ भात दुधात कालवून द्यायची, आणि तो एका हातानं जबडा धरून खायचा. चेहरा चंद्रासारखा वाटोळा झाला, गालांवर, छातीवर लाल पुटकुळ्या उठल्या. केस उशीवर राहायचे. इंजेक्शनानं पावलं बधिर झालेली. चालताना पायातली चप्पल मागे सुटून राहायची आणि त्याला कळायचंही नाही. अंजना मागून ती उचलून पुन्हा त्याच्या पायापुढे ठेवायची.

"दिवाळीनंतर साताऱ्याला भरती हाय," तो म्हणायचा. "तवर हुईल न्हवं समदं बरं?"

"हुईल की. गालांचं वजन धरलं तर तुमाला दोन माणसांच्या जागेवर घेतील."

तो हसायचा. ती पण हसायची, आणि भांडी घासायच्या निमित्तानं मागच्या दारी जाऊन उभी राहायची.

आता आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे काय, हे कोणाला सांगायला नको. लग्नाला नाही गेलं तर चालतं, आजाराला नाही गेलं तर पिढ्यान् पिढ्या तुटतात. मानसिंग आल्याचं कळलं आणि दुसऱ्याच दिवशी माणसं आली. कोणी कॉटवर त्याच्या पायाशी बसलं. कोणी आपल्या हातानं पेढा भरवला. कडेवरच्या पोराला "काकाला मुका दे" म्हणून त्याच्या तोंडाशी नेलं. एक पाहुणा दारापासून खोकत आला तो खोकतच गेला. "गडी तर चांगला बाळसं धरून आलाय," सगळ्यांचं एकच म्हणणं. अंजना दारात उभी राहून "डॉक्टरनी सांगितलंय, जरा लांबनं" म्हणत राहिली. तिच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

माणसं गेल्यावर ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, उद्यापासनं कुणाला आत सोडायचं न्हाई."

शालूबाई चुलीपुढून वळल्या. "घरी आल्याला मानूस दारातनं मागं लावू? मग माझ्या तिरडीला कोन ईल गं? तू आणि तुझा डाक्टर?"

त्या संध्याकाळी मानसिंगचा पारा जरासा वर गेला. सकाळी उतरला, पण तो पुन्हा चढायची वाट बघत अंजना बसली नाही. ती उठली, बांधावरच्या कडुलिंबाचा मोठा डहाळा मोडून आणला आणि दाराच्या चौकटीला आडवा बांधला. उंबऱ्यावर पाणी शिंपडलं.

दाराला लिंबाचा डहाळा म्हणजे घरात देवी आल्या. तिथं मग कोणी पाय ठेवत नाही. सख्खा भाऊ आला तरी उंबऱ्याबाहेरून हात जोडतो आणि परत फिरतो. त्याचा राग कोणाला येत नाही, कारण अडवणारी घरधनीण नसते, साक्षात आई असते.

शालूबाई बाहेर आल्या, बघितलं, आणि मटकन ओट्यावर बसल्या. "आईचं नाव खोट्यानं घेतलंस?"

"नाव कुठं घेतलं? डहाळा बांधलाय निस्ता. लोक काय समजायचं ते समजतील."

"लोक समजतील गं. आई काय समजंल?"

शालूबाई ओट्यावरून उठल्या. मग आत जाऊन त्यांनी कोपऱ्यात पाट मांडला, तांब्याचा कलश ठेवला, हळदी-कुंकू वाहिलं. "खोटं बोलावलंस, आता खरं ठिवून घ्यायला पायजे," एवढंच म्हणाल्या. आणि देवीच्या घरी पाळायचं ते सगळं त्यांनी पाळायला घेतलं. फोडणी बंद, तिखट बंद, घरात चप्पल बंद, मोठ्यानं बोलणं बंद, आजाऱ्याचं अंथरूण रोज धुवायचं. अंजना बघत राहिली. मिरजेच्या डॉक्टरांनी जे जे सांगितलं होतं आणि सासूनं ऐकलं नव्हतं, ते सगळं आईच्या धाकानं आपोआप होत होतं.

मानसिंग आतून म्हणाला, "वैनी, देवी मला आल्यात का तुझ्या अंगात आल्यात?"

"तुमी गप पडा. तुमाला बोलायची बंदी हाय."

काही दिवस फार बरे गेले. माणसं यायची, अंगणातूनच हात जोडून जायची. पारा जागेवर राहिला. अंजना रात्री थोडी झोपूही लागली.

मग वडूजहून मावशी आल्या. भामाबाई, शालूबाईंची थोरली बहीण. डोक्यावर बाजरीचं बोचकं, काखेत जिवंत कोंबडी, एसटीतून उतरून उन्हातून चालत आलेल्या. डहाळा बघून जागीच थांबल्या.

"अगं बया. रगात कमी म्हणलीस आणि देवी? आत्ता गं?"

शालूबाईंनी मान खाली घातली. अंजना उंबऱ्यातून म्हणाली, "मावशी, तिथंच बसा. पानी देते."

"बसते की. मला काय कळत न्हाई? माझ्या दोन लेकरांस्नी आल्या हुत्या." त्यांनी कोंबडी पायानं दाबून धरली, पदर पसरून दारापुढे डोकं टेकलं. मग अंगणातूनच भाच्याला हाक मारली. "मानसिंगा, कसा हायस रं?"

मानसिंग कॉटवर उठून बसला. दारातून त्याचं तोंड दिसलं, सुजलेलं, पुटकुळ्यांनी लाल झालेलं. भामाबाईंनी तोंडाला पदर लावला. ह्यापुढे त्यांना काही विचारायची गरज राहिली नाही.

त्या शेजारच्या वस्तीवर मुक्कामाला राहिल्या. त्या वर्षी सरकारनं देवीच्या मागे हात धुऊन लागायचं ठरवलं होतं. देवीचा रोगी असेल तर कळवा, असं गेरूनं भिंतीभिंतींवर लिहिलेलं. भामाबाईंना वाचता येत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी चावडीपुढे त्यांना देवी टोचणारा दिसला. जोतीराम त्याचं नाव, लोक त्याला देवी डॉक्टरच म्हणायचे. भामाबाईंच्या दोन लेकरांतलं एक देवीत गेलं होतं. त्यांनी सायकलचं हँडल धरलं. "बाबा, माझ्या भनीच्या घरी चल. तिच्या पोराला आल्यात आणि घरात कुनाला टोचल्यालं न्हाई."

मायेनं केलं हो. त्यात काहीच खोट नव्हती.

अंजना मागच्या दारी चादर पिळत होती. पुढून सायकलची घंटी आली, मग मावशीचा आवाज. ती ओल्या हातांनी धावत आली तर खाकी कपड्यातला माणूस डहाळ्याखालून वाकून आत बघत होता.

"बाहेर थांबा," ती उंबऱ्यात आडवी झाली.

"बाई, मला बघावं लागेल. वरून हुकूम आहे." जोतीरामनं तिच्या खांद्यावरून मानसिंगकडे बघितलं आणि त्याचा चेहराच बदलला. एवढे दिवस सायकल मारून त्याला एकही रोगी मिळाला नव्हता. "भाऊ, हात वर कर. तळवे दाखव. आता पाय."

मानसिंगनं दाखवले. तळवे स्वच्छ होते.

"तळव्यांवर नाहीत," जोतीराम स्वतःशीच म्हणाला. "असायला पाहिजेत. पण कधी मागून येतात. ते मोठे डॉक्टर येऊन ठरवतील. मी निरोप धाडतो. तोवर घरातल्या सगळ्यांना टोचायचं, मग शेजारपाजार." त्यानं पिशवीतून बाटली काढली, दोन टोकांची सुई काढली.

"देवी न्हाईत," अंजना म्हणाली. "डहाळा मी उगंच बांधलाय."

"असं सगळेच म्हणतात, बाई. लपवू नका."

"त्येचं रक्त कमी हाय. मिरजेच्या डाक्टरनी टोचू नका म्हनून सांगितलंय."

"अशक्त माणसाला आधी टोचतो आम्ही. त्यालाच जास्त भीती."

"टोच बाबा, टोच," शालूबाई मागून म्हणाल्या. त्यांचे हात जोडलेले होते. "खोट्यानं बोलावलं आईला. आता खरंच आली तर?"

आणि तेवढ्यात मानसिंग कॉटवरून उतरला. बधिर पावलांनी भिंत धरत दारापाशी आला, सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत वर सारली आणि अंजनाच्या बाजूनं हात बाहेर काढला. "टोचा की. काय हुतंय? भरतीला तसंबी टोचून घ्यावं लागतंच."

अंजनानं तो हात बघितला. एकेकाळी ह्याच हातानं तो भरलेली पाण्याची घागर खांद्यावर चढवायचा. आता त्वचा कागदासारखी, आणि सुया टोचून टोचून शिरा काळ्या पडलेल्या. जोतीरामनं सुई बाटलीत बुडवली.

"भावजी, हात आत घ्या."

"आगं वैनी, सुईच हाय ती."

जोतीरामनं त्याचं मनगट धरलं. अंजनानं जोतीरामचं मनगट धरलं. परक्या पुरुषाला असा हात लावायची तिची ती आयुष्यातली पहिली वेळ.

"त्येला रक्ताचा कॅन्सर हाय," ती म्हणाली. "टोचलं तर मरंल तो."

मोठ्यानं बोलली नाही ती. पण दारात तर सगळे उभे होते.

जोतीरामनं मनगट सोडलं. सुई पुसली, डबीत ठेवली. "आधी सांगायचं होतंत, बाई," तो हळूच म्हणाला.

"सांगू कसं? आतच बसला हुता न्हवं तो."

"काय म्हनली ही?" शालूबाई विचारू लागल्या. "भामे, काय म्हनली?" भामाबाईंना तो शब्द माहीत होता. वडूजला त्यांच्या दिराचा घसा त्यानं खाल्ला होता. त्या अंगणात खाली बसल्या आणि म्हणाल्या, "वंगाळ हाय, शालू. लय वंगाळ."

मानसिंगचा हात अजून तसाच पुढे होता. मग त्यानं बाही खाली ओढली, आत गेला आणि मधल्या खोलीचं दार लावून घेतलं.

दुपारी कराडहून डॉक्टर येऊन गेले. दार किलकिलं करून लांबूनच मानसिंगला बघितलं, देवी नाहीत म्हणाले, आणि असली सोंगं करू नका म्हणून अंजनाला दमही दिला. तिच्या कानापर्यंत काही गेलं नाही. मानसिंग जेवला नव्हता. दिवसभर चुलीकडे बघणारा तो, त्यानं ताटाला हात लावला नाही. आणि गोळ्याही घेतल्या नाहीत. त्या गोळ्या एकदम सोडायच्या नसतात, हे तिला दवाखान्यात बजावून सांगितलेलं.

ती दाराशी जाऊन बसली. "भावजी, गोळ्या."

"कशाला?"

तिनं गोळ्या हातातच धरून ठेवल्या.

"रोज तुला भरतीचं इचारत हुतो," आतून आवाज आला. "रोज हसून हुईल म्हणत हुतीस."

"व्हय."

"आता सांग. भरती?"

"न्हाई भावजी."

अंगणात कोंबडी पाय बांधलेल्या जागी फडफडत होती.

"मी मरनार?"

"डाक्टरास्नी ठावं न्हाई. मला तर न्हाईच न्हाई. गोळ्या चुकवल्या तर लवकर, एवढं ठावं हाय."

"मग हसवत कशाला हुतीस मला?"

"दुसरं काय येतंय मला?"

दार उघडलं. मानसिंगचे डोळे सुजलेल्या गालांत आणखीच बारीक झाले होते. त्यानं हात पुढे केला, गोळ्या घेतल्या, एकेक करून गिळल्या. "आता एक ऐक. हितनं पुढं डाक्टर जे सांगतील ते आधी मला. मग तुला. दादाला पण कळवायचं ते मीच कळवनार. आणि आईला मी सांगतो, तिला अजून कळल्यालं न्हाई."

"बरं," अंजना म्हणाली.

डहाळा शालूबाईंनीच सोडला आणि नदीत सोडून आल्या. आता माणसांचा लोंढा येईल म्हणून अंजना धास्तावली होती. पण कोणी आलं नाही. कॅन्सर हा शब्द वस्तीत पसरला आणि लोक अंगणातसुद्धा येईनासे झाले. बांधावरूनच चौकशी करायचे, तीही वारा कुठून येतो ते बघून. देवीला निदान हात तरी जोडत होते. एकट्या भामाबाई राहिल्या. शेजारच्या वस्तीवरचं बोचकं उचलून त्यांनी ह्या घराच्या गोठ्यात आणून टाकलं आणि बहिणीला म्हणाल्या, "आत येत न्हाई मी. पर तू रडायला बाहीर यायचं, माझ्यापाशी. पोराम्होरं रडायचं न्हाई."

संप मिटला. ठरल्या दिवशी अंजना मानसिंगला घेऊन रेल्वेनं मिरजेला गेली. ताप नव्हता, खोकला नव्हता. नाव पुकारल्यावर ती सवयीनं उठली. मानसिंगनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत बाकावर बसवलं. भिंत धरून, पावलं उचलून टाकत तो एकटाच डॉक्टरांच्या खोलीत गेला, आणि दार मागे लागलं.

ती बाकावर बसून राहिली. आत काय बोलणं चाललंय ते तिला ऐकू येत नव्हतं. नर्स आत गेली, बाहेर आली. नंतर आलेली माणसं आपापलं दाखवून गेली. अंजनानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. शेवटी दार उघडलं तेव्हा तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं, पण त्या सुजलेल्या तोंडावरून काही कळेना. तो जवळ आला आणि शेजारी बसला. त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत ती थांबली.

"सांगतो," तो म्हणाला. "जरा बसू दे."

मानसिंग त्यानंतर अडीच वर्षं जगला. त्यातली दीड वर्षं चांगली गेली. केस आले, गाल उतरले, नदीवरचं पाण्याचं इंजिन तो स्वतः चालवायचा. मग दुखणं उलटलं. ७६ च्या डिसेंबरात मिरजेलाच तो गेला. लालासाहेब तेव्हा जवळ होता. तो पुढे सुभेदार होऊन परत आला, बरीच वर्षं ऊस बघितला, आणि झोपेतच गेला. भावाचा विषय त्यानं घरात कधी काढला नाही. शालूबाई मुलामागे चारच वर्षं राहिल्या. भामाबाई मात्र नव्वदी ओलांडून गेल्या, शेवटपर्यंत तोंडानं फटकळ. देवीचा रोग देशातून गेल्यावर जोतीरामला हिवतापाच्या कामावर घातलं. पाणमळ्यावरून जाताना तो सायकल लावून चहाला थांबायचा. रिटायर झाल्यावर त्याचं येणं थांबलं.

फलटणला ठेवलेली मुलगी परत आणली तेव्हा आठ दिवस आईकडे येईना. ती आता सांगलीला असते, तिची मुलंही मोठी झाली. अंजना पाणमळ्यातच आहे. डोळ्यांना कमी दिसतं, गुडघे धरलेत, पण जेवण हातानं करून घेते, आणि तिचं बोलून माणसाला हसवणं काही गेलेलं नाही.